गाडीचं काय बदलता येतं आणि काय नाही?



परवा एकाने विचारलं, "सर, फॉर्म्युला वनचा आणि आमच्या वर्कशॉपचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो वेगाचा नाही. पैसा कुठे अडकवायचा, याचा आहे.

2022 ला फॉर्म्युला वनचे तांत्रिक नियम मुळापासून बदलले. गाडीखालून जाणाऱ्या हवेनेच गाडी रस्त्याला चिकटून राहावी, अशी रचना आली. 2014 ते 2021 सलग आठ वेळा संघांचं विजेतेपद घेतलेल्या मर्सिडीजने साइडपॉड, म्हणजे गाडीच्या दोन बाजूंचे फुगीर भाग, जवळजवळ नाहीसेच केले. कागदावर भन्नाट. ट्रॅकवर गाडी सरळ रस्त्यावर उड्या मारायला लागली! वर्षभरात एकच शर्यत जिंकली, ब्राझीलची.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. नवीन नियमात कोणीही चुकेल. पण 2023 लाही ते तीच कल्पना घेऊन उतरले. मे महिन्यात मोनॅकोला साइडपॉड बदलले, पुढचं सस्पेन्शनही बदललं. पण हॅमिल्टन म्हणत होता की आपण पुढच्या चाकांच्या फार जवळ बसतो. ड्रायव्हरची जागा ठरते चेसिसमध्ये. ती हंगामाच्या मध्यावर हलवायची तर जवळपास गाडीच नवीन करावी लागते, आणि वर खर्चाला मर्यादा. त्या वर्षी एकही विजय नाही.

त्याच वर्षी मॅकलॅरेनने गाडी दाखवतानाच सांगून टाकलं होतं की आम्ही पूर्ण समाधानी नाही. पहिल्या शर्यतीत एक गाडी बंद पडली, दुसरी सतरावी. मग जुलैमध्ये ऑस्ट्रियाला मोठे बदल आले, आणि पुढच्याच आठवड्यात सिल्व्हरस्टोनला नॉरिस दुसरा! 2024 ला संघांचं विजेतेपद, 1998 नंतर पहिल्यांदा.

आता 2026 च्या नियमांत जवळपास निम्मी ताकद विजेची, आणि पुढचे-मागचे पंख धावताना हलणारे. पहिल्या शर्यतीत कोण जिंकतो यापेक्षा मला सहाव्या-सातव्या शर्यतीला कोणाकडे बदल करायला जागा आणि पैसा उरतो, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

"लवचिक राहा" हा सल्ला मात्र मला पटत नाही. सगळंच ढिलं ठेवलं तर गाडी उभीच राहणार नाही. चेसिस पक्की लागतेच. फक्त ती ठरवताना घाई नको, आणि सगळं भांडवल पहिल्याच दिवशी ओतायचं नाही. एकाच मापाचं पाऊच भरणारं मशीन कर्जावर घेतलं आणि ग्राहकाने माप बदललं, तर हप्ता काही थांबत नाही.

तुमच्या धंद्यात चेसिस कुठली आणि साइडपॉड कुठला, कमेंटमध्ये लिहा. जागा भाड्याची असेल तर लॉक-इन किती महिन्यांचा आहे, तेही लिहा.