रिंगणाबाहेरची झुंज

१९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जो लुईस हे बावीस वर्षांचे कृष्णवर्णीय अमेरिकन मुष्टियोद्धे बाराव्या फेरीत कोसळले. व्यावसायिक कारकिर्दीतील हा त्यांचा पहिलाच पराभव. प्रतिस्पर्धी होते जर्मनीचे मॅक्स श्मेलिंग. लुईस यांच्या आधीच्या लढतींचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर लुईस तो हात नकळत खाली सोडतात, आणि त्या क्षणी चेहरा उघडा पडतो, हे त्यांनी हेरले होते. उजव्या हाताने त्यांनी नेमका तोच क्षण साधला.

पराभवाने दोष दाखवला. लुईस यांनी तो मान्य केला आणि सुधारला. २२ जून १९३७ रोजी ते हेवीवेट गटाचे जगज्जेते झाले. पुढच्याच वर्षी, त्याच तारखेला, त्यांनी श्मेलिंग यांना अवघ्या १२४ सेकंदांत नमवले. त्यानंतर १९४९ पर्यंत त्यांनी हे पद राखले आणि एकूण पंचवीस वेळा ते यशस्वीपणे सांभाळले.

रिंगणातील हिशेब असा चोख होता; रिंगणाबाहेरचा मात्र कोणी नीट मांडलाच नाही. मन उदार होते. गरिबीच्या काळात डेट्रॉइट शहराने कुटुंबाला दिलेली सरकारी मदत त्यांनी हाती पैसा येताच परत केली. १९४२ मध्ये दोन लढतींची मिळकत नौदल आणि लष्कर यांच्या मदतनिधीला दिली आणि ते स्वतः सैन्यात दाखल झाले. मात्र मित्रांवर मुक्तहस्ते खर्च, गोल्फवरील पैजा, न चाललेले व्यवसाय आणि व्यवस्थापकांचा मोठा वाटा यांत कमाई वितळत गेली. युद्धकाळात उत्पन्न थांबले, तरी खर्च उधारीवर चालूच राहिला. अखेर करखात्याने हिशेब तपासले, तेव्हा थकबाकी पाच लाख डॉलरच्या घरात निघाली. तिच्यावर व्याज चढत गेले आणि पुढे हा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला.

हे देणे फेडण्यासाठी निवृत्त लुईस पुन्हा रिंगणात उतरले. १९५० मध्ये एझर्ड चार्ल्स यांच्याकडून ते गुणांवर हरले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, सदतिसाव्या वर्षी, तरुण रॉकी मार्सियानो यांनी त्यांना आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. कारकीर्द तेथे संपली, देणे संपले नाही. त्या काळी मोठ्या उत्पन्नावरील कराचा दर इतका चढा होता की नव्या मिळकतीतून मूळ रक्कम फारशी कमी होत नसे. १९५६ मध्ये एकेकाळच्या या जगज्जेत्याला करमणुकीच्या कुस्त्यांचे खेळही करावे लागले. साठच्या दशकात करखात्याने चालू उत्पन्नापुरतीच वसुली ठेवण्याचे मान्य केले, तेव्हा हा ताण काहीसा सैल झाला.

परंतु तोवर दुसरा शत्रू घरात शिरला होता. लुईस कोकेनच्या आहारी गेले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ते कोसळले. शारीरिक थकवा, असे कारण बाहेर सांगण्यात आले. आजाराला सोयीचे नाव मिळाले आणि व्यसन झाकलेलेच राहिले. दरम्यान मनाचा तोल सुटत होता. कोणीतरी आपला जीव घेणार आहे, खोलीत विषारी वायू सोडणार आहे, या भयाने ते हवेची छिद्रे बुजवू लागले. पंचवीस वेळा जगज्जेतेपद राखणारा हा पुरुष बंद खोलीत न दिसणाऱ्या शत्रूशी झुंजत होता.

येथे निर्णय घेतला तो पत्नी मार्था आणि पुत्र जो लुईस बॅरो ज्युनिअर यांनी. मार्था स्वतः वकील होत्या. या गोष्टीची वृत्तपत्रांत किती चर्चा होईल, याची त्यांना कल्पना असणारच. तरीही १९७० मध्ये दोघांनी कायदेशीर मार्गाने, लुईस यांच्या इच्छेविरुद्ध, त्यांना कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे मनोरुग्णालयात दाखल केले. ज्याच्या नावावर आपले नाव ठेवले गेले, त्या पित्याविरुद्ध कागदावर सही करणे पुत्राला किती जड गेले असेल! सुमारे पाच महिने उपचार चालले. पुढे लुईस यांनी स्वतःच कोकेनची गोष्ट उघडपणे मान्य केली.

उत्तरायुष्यात ते लास व्हेगासमधील सीझर्स पॅलेस या हॉटेलात पाहुण्यांच्या स्वागताचे काम करीत. १२ एप्रिल १९८१ रोजी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना सन्मानाने निरोप देण्यात आला. युद्धानंतर शीतपेयाच्या व्यवसायात स्थिरावलेले श्मेलिंग हे एव्हाना त्यांचे स्नेही झाले होते. अंत्यसंस्काराच्या खर्चालाही त्यांनी हातभार लावला.

रिंगणातील पराभव हजारो लोकांसमोर होतो, म्हणून दोष लपत नाही आणि सुधारणेचा मार्ग खुला राहतो. कर्ज आणि व्यसन मात्र बंद दाराआड वाढतात. व्यापारी घराण्यात नावाला मोल असते, बाजारातील पत त्यावर उभी असते. त्यामुळे मुलाचे वा भावाचे व्यसन ‘तब्येत बरी नाही’ या शब्दांआड ठेवण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण दडवलेल्या थकबाकीवरही व्याज चढतच असते. हात कोठे खाली येतो, हे लुईस यांना एकदा प्रतिस्पर्ध्याने दाखवले. दुसऱ्यांदा ते घरच्यांनी दाखवले, आणि ते अधिक कठीण होते. अशा वेळी डॉक्टरांचे दार वेळेवर ठोठावणारे घर आपली अब्रू घालवत नाही. आपले माणूस वाचवते.