‘थोडक्यात निभावले!’

वाहनाचा धक्का लागून माणूस रस्त्यावर पडतो. गुडघा फुटतो, मनगट मुरगळते. चार माणसे गोळा होतात आणि ‘थोडक्यात निभावले, आता जाऊ द्या’ असा निवाडा तेथल्या तेथे होऊन जातो. धक्का देणाऱ्याने खिशातून दोनचार नोटा काढून दिल्या तर तो सज्जन ठरतो. जखमी माणसाने वाहनाचा क्रमांक टिपून घेतला तर तो मात्र भांडखोर ठरतो. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. पोलिसांच्या दप्तरापर्यंत जे पोचलेच नाहीत, ते या हिशेबात नाहीत.

अशा किरकोळ दुखापतीबद्दल भरपाई मागावी की मागू नये, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. पांढरपेशा माणसाला पैसे मागण्याची लाज वाटते. आपल्या दुखण्याची किंमत करणे त्याला हीनपणाचे वाटते आणि कोर्टाची पायरी चढू नये हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. या संकोचात सभ्यता आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यामुळे नुकसान नाहीसे होत नाही. ते ज्याची चूक नव्हती त्याच्या घरखर्चात मुकाट्याने जाऊन बसते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शिक्षकाचे तीन आठवडे बुडाले तर त्या तासिकांचे मानधन बुडते. रजा शिल्लक नसलेल्या कारकुनाचा पगार कापला जातो. अशा वेळी औदार्य दाखवण्याची ऐपत सर्वांना सारखी नसते.

शिवाय ही मागणी बहुधा समोरच्या माणसाच्या खिशाकडे नसतेच. तृतीय पक्षाचा विमा आपल्याकडे १९४६ पासून सक्तीचा आहे. दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने झाली आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ती कायम ठेवली. प्रत्येक वाहनमालक हप्ता भरतो तो याच प्रसंगासाठी. धक्का देणारा शेजारी अथवा ओळखीचा असला तरी वाहनाचा विमा चालू असेल तर रक्कम सामान्यतः विमा कंपनी देते. तृतीय पक्षाच्या दाव्यामुळे मालकाची ‘नो क्लेम बोनस’ची सवलतही जात नाही, कारण ती त्याच्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यापुरती असते.

‘किरकोळ’ या शब्दाचाही नीट विचार व्हायला हवा. हाड किंवा दात मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापत आहे, मग बोलताना आपण तिला काहीही म्हणोत. १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या कलम १६४ नुसार गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात आणि त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा मात्र संपुष्टात येतो. तेव्हा एक्स-रे काढण्यापूर्वीच ‘काही झाले नाही’ असे लिहून देणे, हे औदार्य नसून अविचार आहे.

खरचटणे, मुका मार, मुरगळणे यांची गोष्ट वेगळी. तेथे कलम १६६ खाली अर्ज करून चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मिळते काय? सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० साली सांगितले की, सामान्य दुखापतींत उपचारांचा व प्रवासाचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई आणि सोसलेल्या वेदना एवढ्याच बाबी धराव्यात. म्हणजे जखम आठवड्यात भरून आली आणि खर्च मलमपट्टीपुरताच झाला, तर तारखांना घातलेले दिवस भरपाईपेक्षा महाग पडतील. अशा माणसाने दावा सोडला तर तो शहाणपणा होय. पण हा शहाणपणा हिशेब करून आलेला असावा, भिडेपोटी आलेला नसावा.

हिशेब करायचा तर कागद हवेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे, पोलिसांत नोंद करणे, पावत्या आणि रजेचा दाखला जपून ठेवणे, यांपैकी कशानेही दावा करण्याचे बंधन येत नाही. निर्णयाचे स्वातंत्र्य मात्र शाबूत राहते. अपघाताची खबर पोलिसांना देणे हे चालकाचेही कर्तव्य आहे. दावा सहा महिन्यांत दाखल करावा अशी अट २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये. अर्ज आपण राहतो तेथील न्यायाधिकरणात करता येतो. विमा कंपनीला तडजोडीचा प्रस्ताव देता येतो आणि लोकअदालतीचा मार्गही खुला असतो. महिलांना आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. भरपाईत हिस्सा मागणाऱ्या वकिलापासून मात्र दूर राहावे. वकिलांच्या आचारसंहितेलाच ते मंजूर नाही.

या हक्काला एक मर्यादा आहे आणि ती कायद्याइतकीच नीतीची आहे. खोटी प्रमाणपत्रे जोडून, न झालेले दुखणे सांगून पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. उत्तर प्रदेशातील बनावट दाव्यांच्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. असा प्रत्येक खोटा दावा खऱ्या जखमी माणसाकडे संशयाने पाहायला शिकवतो. मोडलेल्या मनगटाचे कागद घेऊन आलेल्या शिक्षकाला जी उलटतपासणी सोसावी लागते, तिचे पाप या बनवाबनवी करणाऱ्यांच्या माथ्यावर आहे. म्हणून जितके नुकसान झाले तितकेच मागावे, एक रुपयाही अधिक नाही.

परंतु तितके मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘मिटवून टाकणे’ हा सद्गुण मानला जातो. मात्र मिटवण्याची किंमत नेहमी पायी चालणाऱ्यानेच का मोजावी, हे कोणी विचारत नाही. चूक ज्याची त्याने नुकसान भरून द्यावे, हा न्यायाचा प्राथमिक नियम आहे, आणि तो मोठ्या अपघातांपुरता राखून ठेवण्याचे काहीच कारण नाही. लंगडत घरी परतलेल्या माणसाने पाय बरा झाल्यावर दावा सोडावा, अथवा चालवावा. तो त्याचा अधिकार आहे. रस्त्यावर जमलेल्या गर्दीला तो अधिकार परस्पर वापरू देऊ नये.