गुराब : इंग्रजांच्या झडपेतून नव्हे, अरबी कावळ्यातून

आंग्र्यांची जहाजे इंग्रजांची गलबते 'ग्रॅब' करीत, म्हणजे हिसकावून घेत. म्हणून इंग्रजांनी त्यांना 'ग्रॅब' म्हटले आणि त्याचेच मराठीत 'गुराब' झाले, ही व्युत्पत्ती पुन्हा एकदा माझ्यासमोर आली आहे. ऐकावयास चटकदार आहे, पण कालक्रमाच्या पहिल्याच धक्क्याला ती कोसळते.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस बखर लिहिली. तीत शिवछत्रपतींच्या आरमाराची जहाजे सांगताना गुराबा येतात. कान्होजी आंग्रे आणि इंग्रज यांचा संघर्ष पेटला तो त्यानंतर. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या ताफ्यातही 'ग्रॅब' होत्याच. कंपनी स्वतःच्याच जहाजांना 'हिसकावणारी' म्हणत होती काय?

मूळ शब्द अरबी आहे : ग़ुराब, म्हणजे कावळा. मध्ययुगीन अरबी लेखनात वल्ह्यांच्या युद्धनौकेलाही हेच नाव आहे. 'ग़रीब' आणि 'ग़ुलाम' यांतला घशातला ग़ मराठीत साधा ग झाला, तसाच येथेही झाला. आम्ही नांदेड-लातूरकडची माणसे, समुद्र पुस्तकात पाहिलेली, पण हा शब्द उच्चारताच माझ्या उर्दू जाणणाऱ्या मित्राने विचारले, "कावळा ना?"

रॉबर्ट ऑर्मच्या वर्णनानुसार दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत असे, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. नाळ चोचीसारखी पुढे आलेली आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. चोचीमुळेच कावळा आठवला असावा, हा मात्र माझा तर्क. वारा पडला की वल्ह्यांची गलबते तिला ओढून नेत. आज्ञापत्रात प्रत्येक सुभ्यास पाच गुराबा व पंधरा गलबते द्यावीत असे सांगितले आहे, त्यामागे हीच जोडी आहे.

'अरबी मूळ मान्य केले तर स्वराज्याचे आरमार उसने ठरते,' असा आक्षेप येतो आणि पुरावा म्हणून राज्यव्यवहारकोश पुढे केला जातो. परंतु हा कोश सिद्ध झाल्यानंतरही सभासद 'गुराब'च लिहितो, रामचंद्रपंत अमात्यही तेच लिहितात. दर्यावरच्या माणसांना चालणारा शब्द त्यांनी ठेवला. त्यांना ज्याची लाज वाटली नाही, त्याची लाज आपण कोणाच्या वतीने बाळगतो आहोत?

(आणि हो, 'आरमार' हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला आहे. त्याविषयी पुढच्या धाग्यात.)