जाहीर इशारा : थकलेल्या हातांवर पुढची साथ लादू नका

राज्याचे आरोग्य व वैद्यकीय शिक्षण विभाग आणि नांदेड-लातूरचे जिल्हा प्रशासन यांस, तसेच दोन्ही जिल्ह्यांतील नागरिकांच्या माहितीसाठी.

आम्ही परिचारिका, निवासी डॉक्टर, कक्षसेवक, सफाई कामगार आणि आशाताई. एप्रिल २०२० मध्ये आधी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात, मग नांदेडच्या पीरबुऱ्हाणनगरात करोनाचे रुग्ण सापडले. तेव्हापासून साथ ओसरेपर्यंत आम्ही वॉर्ड सोडला नाही. पण आहे त्याच मनुष्यबळावर आम्हाला पुढच्या साथीत ढकलाल, तर ते आम्ही सहन करणार नाही.

एप्रिल २०२१ ची एक रात्र सांगतो. अंगावर पीपीई किट, आत घामाच्या धारा. पाणी प्यायचे नाही, कारण किट उतरवून लघवीला जाता येत नाही. आमच्यातली एक सिस्टर मृताचे सामान पिशवीत भरत होती. आतला मोबाईल वाजला. स्क्रीनवर नाव होते ‘आई’. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा ऑक्सिजन उतरू लागला आणि ती तिकडे धावली. त्या रात्रीबद्दल तिला आजवर कुणी विचारलेले नाही. फोन वाजला की ती अजून दचकते.

याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच ‘बर्नआउट’ची नोंद कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली आहे. दुखणे कामाच्या रचनेत आहे, तर इलाजही तिथेच करा. एका दिवसाचे योगशिबिर घेऊन आणि ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक भिंतीवर चिकटवून तुमची जबाबदारी संपत नाही. रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्या.

जबाबदारी अशीच झटकलेली आम्ही नांदेडमध्ये पाहिली. तिथल्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबर २०२३ ला २४ तासांत २४ जण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. त्यानंतर एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करून घेतले. झाडू हाती दिल्याने औषधे येत नाहीत, रिकाम्या जागाही भरत नाहीत.

आमच्या मागण्या :

१. डॉक्टर, परिचारिका आणि चतुर्थश्रेणीची रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. साथीत तात्पुरत्या आदेशावर माणसे घ्यायची आणि साथ ओसरली की घरी पाठवायची, हे बंद करा.

२. निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी सर्वसाधारणपणे १२ तासांपुढे जाऊ नये, हे केंद्राने १९९२ मध्येच सांगितले आहे. ते पाळा.

३. रुग्णालयाबाहेर गोपनीय समुपदेशन द्या. त्याची नोंद सेवापुस्तकात जाता कामा नये.

४. आशांचे मानधन दरमहा ठरल्या तारखेला द्या. जून २०२१ मध्ये ऐन साथीत त्यांना संप करावा लागला, तेव्हा कुठे १,००० रुपये वाढले. ती वेळ पुन्हा आणू नका.

हा इशारा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत लेखी, तारीखवार उत्तर द्या. तोंडी आश्वासन घेतले जाणार नाही.

उत्तर न आल्यास एकतिसाव्या दिवसापासून आम्ही काळ्या फिती लावून काम करू आणि दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांसमोर धरणे धरू. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर फळा लावू : आज रात्री रुग्ण किती, सिस्टर किती. तातडीची सेवा आणि अतिदक्षता विभाग एक मिनिटही बंद राहणार नाही. आमचे भांडण रुग्णाशी नाही.

नागरिकहो, तो फळा वाचा. सलग तिसरी रात्र जागलेल्या हातात उद्या तुमच्याच माणसाचे सलाईन असेल.