रोबो आला, फोटो झाले, रोबो गेला

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. काही लोकांना झोंबेल, तेही सांगतो. पण नारायणगाव, मंचर, जुन्नर या पट्ट्यात ज्यांची मुलं झेडपीच्या शाळेत जातात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

विषय आहे शहरातल्या मोठ्या शाळांच्या रोबोटिक्स टीमचा आणि त्या आपल्या शाळांमध्ये येऊन जे 'आउटरीच' करतात त्याचा.

हल्ली हे वाढलंय. एकसारखे टी-शर्ट घातलेली आठवी ते बारावीची पंधरा-वीस मुलं बसमधून उतरतात. रोबो पटांगणात फिरतो, चेंडू फेकतो. आपली पोरं टाळ्या वाजवतात. इंग्रजी व्हिडिओ होतो, बिस्किटाचे पुडे वाटले जातात, मुख्याध्यापकांना गुलाबाचं फूल मिळतं आणि बॅनरसमोर ग्रुप फोटो होतो. दीड-दोन तासांत बस परत. शाळेत मागे काय राहतं? बॅनर. तोसुद्धा पावसाळ्यात कुणाच्या तरी गोठ्यावर जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. त्याच शाळेत दुसऱ्यांदा पाऊल ठेवायचं नसेल, तर पहिल्यांदाही येऊ नका.

आता कुणी म्हणेल, याचं काय बिघडलं? चांगल्या घरची मुलं गावात येतात, काहीतरी दाखवतात. म्हणून ही मुलं का येतात ते आधी समजून घेऊ.

अमेरिकेत डीन केमन नावाच्या संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली. १९९२ पासून तिची हायस्कूलच्या मुलांसाठी रोबोटिक्स स्पर्धा चालते. जानेवारीच्या सुरुवातीला त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो आणि मुलं मोजक्या आठवड्यांत पन्नास किलोच्या आसपासचा रोबो उभा करतात. सोबत इंजिनिअर मार्गदर्शक असतात. नोंदणीची फीच काही हजार डॉलर आहे. भारतातूनही टीम जातात, मुंबईतून गेलेल्या आहेत. लहान रोबोंच्या, कमी खर्चाच्या स्पर्धाही याच संस्थेच्या आहेत.

या स्पर्धेतली एक गोष्ट मला मनापासून आवडते. तिथला सगळ्यात मानाचा पुरस्कार सगळ्यात जोरात पळणाऱ्या रोबोला मिळत नाही. आधी त्याला 'चेअरमन्स अवॉर्ड' म्हणायचे, आता 'इम्पॅक्ट अवॉर्ड' म्हणतात. टीमने आपल्या आजूबाजूच्या समाजात काय बदल घडवला, यावर तो ठरतो. परीक्षक मागच्या काही वर्षांचं कामही विचारतात. म्हणजे मूळ कल्पना सोन्यासारखी आहे. गावात जत्रेच्या कुस्त्यांना जेवढी गर्दी होते, तेवढं कौतुक पाना-पक्कड हातात धरणाऱ्या पोराचं व्हावं, एवढाच तिचा अर्थ.

मग बिघडलं कुठे? बिघडलं मोजण्यात. एका मुलाला सोल्डरिंग शिकवायला चार शनिवार लागतात, आणि अहवालात त्याची नोंद 'एक' अशी होते. पटांगणात चारशे मुलं बसवून रोबो फिरवला की नोंद होते 'चारशे'. अशा दहा शाळा फिरल्या की आकडा चार हजार. आता तुम्ही सांगा, घाईत असलेला कोच कोणता रस्ता धरेल?

आणि हे कोच काही फुकट येत नाहीत. शहरात रोबोटिक्सचे क्लास हा मोठा धंदा झालाय. पालक भरपूर फी भरतात, आणि त्या फीमध्ये परदेशातल्या कॉलेजच्या अर्जात लिहायला 'समाजकार्य' हवं असतं. ते समाजकार्य कुठे मिळतं? हायवेला लागून असलेल्या झेडपीच्या शाळेत. आपली मुलं त्या अर्जातला एक आकडा आहेत. त्यांचे फोटो कुठे छापले जातात, हे त्यांच्या आईबापाला कुणी विचारत नाही.

माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे, त्यामुळे असा एक कार्यक्रम जवळून पाहिला. कोणत्या शाळेची टीम होती ते सांगणार नाही, कारण मुद्दा एका टीमचा नाही. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मोटर जळली तर कोण बांधून देतं?" टीममधल्या मुलाला प्रश्नच कळला नाही. कोचने ऐकलं, हसले आणि म्हणाले, "बेटा, आम्ही नवीन लावतो." पुढची स्लाइड.

मला त्या मुलीचा प्रश्न सगळ्या कार्यक्रमापेक्षा मोलाचा वाटला. कारण आपल्याकडे मोटर जळली की फेकत नाहीत, बांधतात. तांब्याची तार किती गेजची, किती वेढे, स्लॉटमध्ये कागद कसा बसवायचा, वार्निश किती वेळ वाळवायचं, हे इथल्या दुकानांत रोज चालतं. या मुलीने घरी स्टार्टर उघडलेला पाहिलाय. विहिरीवरचा फूटव्हॉल्व्ह अडकला की काय होतं, ड्रिपचा फिल्टर कधी धुवायचा, एक फेज गेला की मोटर कशी घुमते, हे तिला माहीत आहे. आणि तिला 'मोटर म्हणजे काय' असं इंग्रजीत पहिल्यापासून सांगितलं जातं! समोरचा कोरी पाटी आहे असं धरून चालणं हाच या सगळ्या आउटरीचचा पाया आहे. तो खोटा आहे.

आपल्या भागात तंत्रज्ञान आणि शाळा यांची गाठ काल-परवा पडलेली नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत पीएचडी केलेला, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणारा माणूस नोकरी सोडून दुष्काळी पाबळमध्ये राहायला आला. राहायला आला, हे लक्षात घ्या. तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य असं सगळं हाताने शिकतात आणि शिकता शिकता गावातली कामंही करून देतात. आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय पुढे कितीतरी हायस्कूलांनी आठवी ते दहावीला घेतला. अमेरिकेच्या एमआयटीने आपल्या 'फॅब लॅब'चं जाळं देशाबाहेर न्यायला सुरुवात केली, तेव्हा २००२ साली पाबळ हे पहिल्या ठिकाणांपैकी एक होतं. थ्रीडी प्रिंटर दाखवून गावाला थक्क करायला निघालेल्यांनी आधी पाबळला जाऊन यावं.

दुसरीकडे खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथे विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, शाळांची प्रदर्शनं भरतात आणि आपलीच पोरं स्टॉलवर उभी राहून आलेल्या माणसांना आपलं यंत्र समजावून सांगतात. फरक बघा. खोडदला आपलं पोर सांगणारं असतं. आउटरीचमध्ये ते टाळ्या वाजवणारं असतं.

जगातलंही एक उदाहरण देतो. अफगाणिस्तानात हेरातच्या मुलींची रोबोटिक्स टीम होती. २०१७ साली अमेरिकेतल्या स्पर्धेसाठी त्यांना आधी व्हिसा नाकारला होता, जगभर ओरड झाल्यावर मिळाला. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा याच टीमने जुन्या टोयोटा कोरोलाचे सुटे भाग वापरून स्वस्त व्हेंटिलेटरचा नमुना बनवायला घेतला. आपल्या शहरात माणसं मरतायत, आपल्या गॅरेजमध्ये काय पडलंय, त्यातून काय होईल, असा त्यांचा विचार होता. समाजासाठी काम याला म्हणतात.

आपल्याकडे असे प्रश्न नाहीत का? जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला आळीपाळीने रात्रीची लाईट मिळते. रात्री दोन वाजता मोटर चालू करायला उसाच्या कडेने जायचं आणि उसात बिबट्या. दिवसा वीज द्या ही मागणी आहेच आणि ती सरकारनेच पूर्ण करायची आहे. पण मोबाइलवरून चालणारा स्टार्टर कसा काम करतो, तो बंद का पडतो, विहिरीत पाणी संपल्यावर मोटर आपोआप कशी थांबवायची, हे आठवीच्या पोरांना बारा व्होल्टच्या छोट्या मोटरवर, रिले आणि सेन्सर लावून नक्की शिकता येईल. तीन फेजला हात लावायची गरज नाही. हासुद्धा रोबोटिक्सच आहे. शहरातल्या टीमला यात शिकण्यासारखं आपल्यापेक्षा जास्त आहे.

"अहो, पण प्रेरणा तर मिळते ना!" हे वाक्य मला हमखास ऐकवलं जातं. मिळते ना. दोन दिवस पोरं पुठ्ठ्याचे रोबो करतात. तिसऱ्या दिवशी विचारतात, सर, ती मोटर कुठे मिळेल? सरांकडे मोटर नसते, पैसे नसतात आणि वर निवडणुकीच्या याद्यांचं काम असतं. भूक लावून ताट काढून घेतलं, तर त्याला प्रेरणा म्हणत नाहीत.

"पैसा कुठून आणायचा?" तोही सांगतो. अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ पासून आहे. निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि देशात अशा दहा हजार लॅब झाल्या आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. म्हणजे यंत्रं येतीलही. पण ती कुलपात राहिली तर? किल्ली कुणाकडे, शिकवणार कोण, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, यावर गावात कुणी बोलत नाही. उद्घाटनाच्या फोटोत मात्र सगळे पुढारी पहिल्या रांगेत. शहरातल्या टीमची खरी गरज इथे आहे. बंद लॅब उघडा, आमच्या शिक्षकांच्या शेजारी बसा आणि वर्षभर चालवून दाखवा.

टीममधल्या मुलांनो, तुमच्यावर माझा राग नाही. पंधरा-सोळा वर्षांची पोरं तुम्ही, मोठ्यांनी सांगितलं तिथे आलात. तुमच्यातल्या काहींना मनापासून शिकवायचं असतं, तेही दिसतं. म्हणून तुम्हालाच सांगतो, तुमच्या कोचला विचारा की आपण त्या शाळेत परत कधी जाणार आहोत.

आणि आपण पालकांनी काय करायचं? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. ती समिती चहापुरती नाही. पुढच्या वेळी कार्यक्रमाचा फोन आला की या अटी ठेवा:

१. एकच शाळा, पूर्ण वर्ष. महिन्यातून किमान एक शनिवार.

२. शिकवणं मराठीत. येत नसेल तर शिकून या, आमची पोरं मदत करतील.

३. मागच्या हंगामातले जुने मोटर, सेन्सर, बोर्ड शाळेत ठेवून जायचे. सोबत मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, स्क्रू-ड्रायव्हरचा सेट. एवढी हत्यारं बुधवार पेठेत एका बॅनरच्या आणि बसभाड्याच्या पैशांत येतात.

४. आमची चार मुलं तुमच्या टीममध्ये. पाहुणे म्हणून नाही, नाव आणि काम दोन्ही घेऊन. स्पर्धेला गेलात तर तीही येतील.

५. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय एकही फोटो नाही.

६. वर्षाअखेर मुलांनी काय बनवलं ते गावासमोर मुलांनीच दाखवायचं.

या अटी ऐकून काही टीम येणार नाहीत. नाही आल्या तर नाही आल्या, एक बॅनर कमी होईल. ज्या येतील त्यांच्यासाठी माझ्या दुकानातलं टेबल शनिवारी दुपारी मोकळं आहे. वायंडिंग मी फुकट शिकवीन, गावातल्या पोरांना आणि शहरातल्याही.

पटलं तर ही पोस्ट आपापल्या शाळेच्या ग्रुपवर टाका आणि समितीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या. आणि कुणी कार्यक्रमाची एक तारीख मागितली, तर त्याच्याकडून बारा तारखा लिहून घ्या.