गॅझेट हैदराबादचे, पण वाचणार कोण?

२ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने एक निर्णय काढला आणि ‘हैदराबाद गॅझेट’ हे शब्द मराठी घराघरांत पोचले. मुंबईच्या आझाद मैदानावरचे मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण त्या दिवशी सुटले. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या पात्र व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्र देताना निजामकाळातील नोंदींचा आधार घ्यायचा, असा त्या निर्णयाचा आशय. ओबीसी संघटनांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले. पाठोपाठ बंजारा समाजानेही याच गॅझेटचा दाखला देऊन अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी लावून धरली.

आरक्षण कोणाला मिळावे, यावर या लेखात मी मत देणार नाही. ती चर्चा दूरचित्रवाणीवर रोज चालते. आपण हैदराबादकर मराठी माणसांनी विचार करावा असा प्रश्न वेगळा आहे: हे जुने कागद वाचणार कोण, आणि वाचलेल्याचा अर्थ लावणार कोण?

आधी हे कागद हैदराबादेत कसे, ते थोडक्यात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात सामील झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत त्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. माणसे आणि जमिनी वाटल्या गेल्या, पण राजधानीचे दप्तर बरेचसे राजधानीतच राहिले. म्हणून कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला हैदराबाद गाठावे लागले. १८८० च्या दशकापर्यंत निजामाचा कारभार फारसीत होता, नंतर तो उर्दूत आला. गावपातळीवर मराठी मुलखात मोडीही चालत होती. म्हणजे आज मराठवाड्यातल्या एखाद्या कुटुंबाचा दाखला ठरायचा, तर तीन लिपी-भाषांच्या दारातून जावे लागते. या तिन्ही जाणणारी माणसे किती उरली आहेत, याचा अंदाज आपल्या ओळखीतली नावे मोजूनच करावा.

केवळ लिपी येऊन भागत नाही. गॅझेटिअर आणि नोंदवही यांत फरक आहे. बँकेतल्या उदाहरणाने सांगतो. शाखेच्या ताळेबंदात एकूण ठेवी किती हे दिसते, पण कोणाच्या खात्यात किती हे पाहायला लेजर उघडावे लागते. गॅझेटिअर हा ताळेबंदासारखा असतो: अमुक जिल्ह्यात अमुक समाजाचे इतके लोक. त्यात आपल्या पणजोबांचे नाव सापडत नाही. नाव सापडते ते गावच्या महसुली कागदांत, शाळेच्या दाखला-रजिस्टरात, जन्ममृत्यूच्या नोंदीत. शिवाय त्या बेरजेतला ‘कुणबी’ हा शब्द लिहिणाऱ्याने जात म्हणून लिहिला की शेती करणारा म्हणून? मागच्या मोजणीत त्याच लोकांना काय म्हटले होते? मोजणारा कोण होता आणि त्याला वरून काय सूचना होत्या? हे प्रश्न विचारायला शिकवते ते इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण. सनावळ्या पाठ करणे शाळेतच संपते. एम.ए.ला कागदाची उलटतपासणी शिकवतात.

आता शासन निर्णयाचा दुसरा भाग पाहा. अर्जदाराकडे स्वतःची जुनी नोंद नसेल, तर गावातील किंवा कुळातील नातेवाइकाला मिळालेल्या प्रमाणपत्राच्या आधारे स्थानिक चौकशी करायची आहे. ती करणारी समिती तिघांची: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. या तिघांवर टीका करण्याचा हेतू नाही, त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. पण त्यांनी नेमके काय तपासायचे? कूळ कोणते, भाऊबंद कोण, सोयरे कोण, देवक काय, दोन आडनावांचा मूळ पुरुष एक आहे का. नातेसंबंधांची अशी मांडणी करणे, वृद्धांशी बोलून वंशावळ उतरवणे आणि ती दुसऱ्या घरी जाऊन पडताळणे हा मानवशास्त्राचा, म्हणजे आपली मुले ज्याला अँथ्रोपॉलॉजी म्हणतात त्या विषयाचा, पहिल्या वर्षाचा अभ्यास आहे. त्याचे शिक्षण न देता आपण तीन कर्मचाऱ्यांकडून ते काम करून घेत आहोत. चूक झाली, तर एका बाजूला पात्र माणूस वंचित राहतो, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या हक्काची जागा जाते.

हे एकट्या मराठवाड्याचे प्रकरण नाही. येत्या जनगणनेत जातीची नोंद घ्यायची, असे केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी ठरवले. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. सर्व जातींची अशी मोजणी १९३१ नंतर प्रथमच होईल. १९३१ मध्ये जातींची संख्या ४,१४७ होती. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी सांगितलेली नावे जशीच्या तशी लिहिली गेली आणि आकडा ४६ लाखांवर गेला, असे केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. देशात जाती एवढ्या वाढल्या नाहीत. आडनाव, पोटजात, गोत्र, धंदा, भाषा, जे कानावर पडले ते जात म्हणून उतरले. आपल्यापुरते बोलायचे तर तेलुगू माणूस मराठी लोकांना ‘आरे’ म्हणतो आणि तेलंगणच्या मागासवर्गीयांच्या यादीत ‘आरे मराठी’ असे नाव आहे. उद्या प्रगणक आपल्या दारात आला, तर आरे, मराठा, मराठी यांपैकी कोणता शब्द भाषेचा आणि कोणता जातीचा, हे त्याला कोणी तरी शिकवलेले असायला हवे.

असे जाणकार आपल्या या भागात होऊन गेले आहेत. कोमरम भीमच्या १९४० मधील मृत्यूनंतर आदिलाबादच्या गोंडांची स्थिती पाहण्याचे काम निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मूळच्या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाकडे दिले. ते मारलवाई गावात राहिले, गोंडी शिकले. त्यांच्या शिफारशींवरून गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, गोंडी शिक्षकांसाठी प्रशिक्षण सुरू झाले. पुढे ते उस्मानिया विद्यापीठात मानवशास्त्राचे प्राध्यापकही होते. आणि आपले सेतुमाधवराव पगडी! हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतला हा अधिकारी गोंडी आणि कोलामी शिकला, आदिलाबादच्या गोंडांवर त्याने इंग्रजीत पुस्तक लिहिले, फारसी कागदांतून मराठ्यांचा इतिहास मराठीत आणला आणि पुढे महाराष्ट्रात गॅझेटिअरचे संपादनही केले. आज आपण ज्या माणसाच्या शोधात आहोत, तो माणूस हैदराबादच्या मराठी समाजाने घडवला होता.

मग आज अशी माणसे का मिळत नाहीत? थोडा दोष सरकारांचा आहे. पुराभिलेख खाती, वस्तुसंग्रहालये, विद्यापीठे यांतल्या रिकाम्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत. पण थोडा आपल्या घरांचाही आहे. गणेशोत्सवात कोणाच्या मुलाने इतिहासात एम.ए. करतो म्हटले, की पुढचा प्रश्न ‘मग पुढे काय?’ हाच येतो. प्रश्न चुकीचा नाही. मी आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासले आहेत, परतफेड कशी होणार हे विचारलेच पाहिजे. म्हणून हिशेबही मांडतो.

प्रवेश: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी पदवी कोणत्याही शाखेची असली, तरी प्रवेश परीक्षा देऊन वेगळ्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याची वाट मोकळी केली आहे. बी.कॉम. किंवा अभियांत्रिकी झालेल्यांनाही दार बंद नाही. हैदराबाद विद्यापीठात इतिहास आणि मानवशास्त्र हे दोन्ही विभाग आहेत, प्रवेश सीयूईटी-पीजीतून होतो. उस्मानियासाठी राज्याची सीपीगेट परीक्षा आहे. नोकरी सांभाळून शिकायचे असेल, तर इग्नू आहे.

खर्च: सरकारी विद्यापीठात दोन वर्षांची फी खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फीपुढे किरकोळ वाटावी, इतकी असते.

परतफेड: इथे गोड बोलणार नाही. नोकऱ्या थोड्या आहेत आणि उशिरा मिळतात. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण, पुरातत्त्व, पुराभिलेख, आदिवासी संशोधन संस्था आणि महाविद्यालये ही मुख्य ठिकाणे. नेटमधून जेआरएफ मिळाली, तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. पण ती मिळवणारे थोडेच असतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत दोन्ही विषय वैकल्पिक म्हणून घेता येतात, हा आणखी एक आधार. ज्याला विषयाची ओढ नाही त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला आहे, त्याला केवळ पॅकेजच्या भीतीने अडवू नये. शिवाय मराठी, तेलुगू, उर्दू कानावर पडत वाढलेला हैदराबादचा मराठी विद्यार्थी इथल्या दप्तरात जितक्या लवकर रुळेल, तितका बाहेरून आलेला रुळणार नाही.

मंडळासमोर तीन सूचना ठेवतो. एक, दर रविवारी मोडीचा वर्ग सुरू करावा आणि त्याला उर्दू वाचनाची जोड द्यावी. उर्दू माध्यमात शिकलेले ज्येष्ठ अजून आपल्यात आहेत, त्यांना आताच विनंती करावी. दोन, घरोघरच्या सनदा, खरेदीखते, कुळांच्या वह्या यांच्या प्रती काढून यादी करावी. मूळ कागद ज्याचे त्याच्याकडेच राहावेत. तीन, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार आपण करतोच. त्याबरोबर इतिहास किंवा मानवशास्त्रात पदव्युत्तर प्रवेश घेणाऱ्या एका विद्यार्थ्याची दोन वर्षांची फी मंडळाने भरावी. रकमेचा अंदाज आणि निधीचा तपशील मी पुढच्या कार्यकारिणी बैठकीत मांडणार आहे. ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी त्याआधी मंडळाच्या कार्यालयात नाव कळवावे.