आजीच्या गोष्टीला कपाटात जागा हवी



ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं सांभाळणारा माणूस, अशी आपली समजूत असते. पुस्तकांवर नंबर घालायचे, वहीत सही घ्यायची आणि संध्याकाळी कपाटाला कुलूप लावायचं. ही कामं करावी लागतातच. पण तेवढ्यानं कुणी मुलांचा ग्रंथपाल होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी मी एका परदेशी बाईंची हकीकत लिहिते. त्यांचं नाव पुरा बेलप्रे.

कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिको नावाचं बेट आहे. तिथले लोक स्पॅनिश भाषा बोलतात. १८९८ साली हे बेट अमेरिकेच्या ताब्यात गेलं. पुराबाई त्या बेटावरच्या सिद्रा गावच्या. लहानपणी आजीच्या तोंडून त्यांनी पुष्कळ गोष्टी ऐकल्या होत्या. त्यांना शिक्षिका व्हायचं होतं. पण १९२० साली बहिणीच्या लग्नाला म्हणून त्या न्यूयॉर्क शहरी गेल्या आणि तिथंच राहिल्या. १९२१ साली त्यांना हार्लेम भागातल्या सार्वजनिक वाचनालयात काम मिळालं. त्या भागात स्पॅनिश बोलणारी कुटुंबं राहायला येत होती. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस वाचनालयाला पाहिजे होतं.

मुलांच्या विभागात पुस्तकं लावताना पुराबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. कपाटात देशोदेशींच्या लोककथा होत्या, पण पोर्तो रिकोची एकही नव्हती. दुसरं कुणी म्हणालं असतं, नाही तर नाही, आपण काय करणार? पण पुराबाई गप्प बसल्या नाहीत. आजीनं सांगितलेली गोष्ट त्या स्वतःच मुलांना सांगू लागल्या. ती गोष्ट होती झुरळीण मार्तिना आणि उंदीर पेरेझ यांच्या लग्नाची. झुरळाचं लग्न म्हटल्यावर तुम्हांला हसू येईल. पण आपल्या गोष्टीत चिमणीचं घर मेणाचं असतंच की! १९३२ साली त्या गोष्टीचं पुस्तक छापून निघालं. जी गोष्ट कपाटात नव्हती, ती त्यांनी कपाटात आणून ठेवली.

पुढे त्यांनी स्वतःच्या हातानं बाहुल्या बनवल्या आणि बाहुल्यांचे खेळ करून गोष्टी सांगितल्या. गोष्ट कधी इंग्रजीत, कधी स्पॅनिशमध्ये. ६ जानेवारीला त्यांच्या लोकांचा तीन राजांचा सण असतो. तोही त्यांनी वाचनालयात साजरा करायला सुरुवात केली. आईबापांना वाटायचं, वाचनालय हे इंग्रजी येणाऱ्यांसाठी आहे, आपलं तिथं काय काम? म्हणून पुराबाई वस्तीत जायच्या आणि सांगायच्या, या, हे तुमचंपण आहे. १९४३ साली लग्न झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली. १९६० साली पती वारल्यावर त्या पुन्हा ह्याच कामाला लागल्या. म्हातारपणीसुद्धा बाहुल्या घेऊन त्या मुलांमध्ये जात. १ जुलै १९८२ रोजी त्यांचं निधन झालं. १९९६ सालापासून अमेरिकेत मुलांच्या चांगल्या पुस्तकांना त्यांच्या नावानं पुरस्कार देतात.

आता कुणी विचारील, एवढ्या लांबच्या बाईंचं आपल्याला काय? तर मित्रांनो, आपण खानदेशातली मुलं. वर्गात आपण ‘मला’ म्हणतो आणि घरी ‘माले’ म्हणतो. मुलाला घरी आंडोर म्हणतात आणि मुलीला आंडेर. हे शब्द आपल्या तोंडी आहेत, पण आपल्या शाळेच्या पुस्तकपेटीत अहिराणीतलं एकही पुस्तक नाही. मग लहान मुलांना वाटतं की पुस्तकातली भाषा हुशार लोकांची आणि आपल्या आजीची भाषा अडाणी लोकांची. हे मला मुळीच पटत नाही.

काही मोठी माणसं म्हणतात, घरच्या बोलीत गोष्टी लिहिल्या तर मुलांचं शुद्ध मराठी बिघडेल. मला त्यांना आदरानं सांगावंसं वाटतं, की पुराबाईंनी एक भाषा काढून दुसरी बसवली नाही. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या. पहिलीतल्या पोराला आधी ओळखीची गोष्ट मिळाली, तर ते पेटीजवळ येईल. पेटीजवळ आलं, तरच दुसरं पुस्तक हातात घेईल ना? जे आलंच नाही, ते प्रमाण मराठी तरी कुठून वाचणार?

आपल्याच भागाचं उदाहरण घ्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी म्हणत, तीही लेवा बोलीत. घरच्यांनी ती कागदावर उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्याच्या आधीच, १९५१ साली बहिणाबाई वारल्या होत्या. कुणी लिहून घेतलं नसतं, तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं? आपल्या गावात किती आज्या आहेत, आणि त्यांच्या गोष्टी कुणी लिहून घेतल्या आहेत?

म्हणून माझं म्हणणं असं, की पाचवी ते सातवीच्या प्रत्येकानं घरातली एक गोष्ट, आजी सांगते त्याच शब्दांत, वहीच्या कागदावर लिहून आणावी. खाली गोष्ट सांगणाऱ्याचं नाव घालावं. बाईंनी त्या कागदांना पुठ्ठा लावून, नंबर घालून, इतर पुस्तकांसारखंच पेटीत ठेवावं. आणि पालकांनो, तुम्हांला वाचता येत असो वा नसो, शनिवारी सकाळच्या शाळेत येऊन एक गोष्ट सांगा. पहिली-दुसरीची मुलं ऐकायला बसतील. सतरंजी आम्ही सातवीच्या मुली घालू.

एवढं सांगून मी माझा लेख संपवते.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी